मूळ फाइल जपून ठेवा: स्पोर्ट्स कार ट्यून करण्याआधी, स्पेशल एडिशन घेण्याआधी

मागच्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास मावसभावाचा फोन आला. गाडी इंदूरच्या बायपासवर, राऊच्या अलीकडे, कडेला लावून तो उन्हात उभा होता. "दादा, गाडी चालू होतेय, पण ओढतच नाही. चेक इंजिनचा दिवा लागलाय."

दोन महिन्यांपूर्वी त्याने आपल्या जर्मन टर्बो कूपेचा रिमॅप करून घेतला होता, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सॉफ्टवेअरची फाइल बदलून घेतली होती. फाइल युरोपातली, तिकडच्या ९८ ऑक्टेन पेट्रोलसाठी लिहिलेली. टाकीत मात्र आपल्या पंपावरचं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आणि डोक्यावर इंदूरचा मे. इंजिनातलं अवेळी जळणं नॉक सेन्सरने वेळीच ओळखलं, इंजिनाच्या संगणकाने ताकद कापली, म्हणून इंजिन वाचलं. मी पहिला प्रश्न विचारला, "मूळ फाइल कुठे आहे?" त्याच्याकडे नव्हती. ज्याने रिमॅप केला त्यानेही ठेवली नव्हती. मूळ एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) गॅरेजमध्येच राहिला होता आणि आता सापडत नव्हता. गाडी पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले आणि वॉरंटी गेली ती गेलीच.

तेव्हापासून मला कोणी ट्यूनिंगबद्दल विचारलं, की मी आधी एक अट घालतो: जो बदल कराल तो उलटा फिरवता आला पाहिजे. मूळ भाग, मूळ फाइल आणि मूळ कागद तुमच्याच ताब्यात हवेत. दुसरी गोष्ट क्रमाची. बहुतेक जण पॉवरपासून सुरुवात करतात. मी ती जवळजवळ शेवटी ठेवतो, का ते पुढे येईलच.

आधी ओळखा: हातातली गाडी कोणत्या जातीची?

इंदूरला ही हौस नवी नाही. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गकडून सुपरचार्जर असलेली एसजे चॅसी मागवली आणि तिच्यावर बॉडी चढवून घेतली ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून. एकाकडून यंत्र, दुसऱ्याकडून अंग, आणि सगळं एका माणसाच्या आवडीप्रमाणे. ज्या माणसाने माणिकबागेचा महाल एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून आतल्या फर्निचरसकट बनवून घेतला, त्याची गाडीही तशीच असणार. आजचे कारखान्यांचे खास विभाग करतात ते काम मुळात हेच आहे.

आज बाजारात तीन जाती दिसतात. पहिली, कारखान्यातून आलेली नेहमीची गाडी. तिच्यावर मालकाने हवे ते बदल करावेत, हरकत नाही. दुसरी, नावाजलेल्या ट्यूनरने घडवलेली. यांचा इतिहास मोठा आहे. एएमजी १९६७ साली हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्खर यांनी सुरू केली. नावातला 'ए' आउफ्रेख्टचा, 'एम' मेल्खरचा आणि 'जी' ग्रोसआस्पाख या गावाचा. १९७१ साली त्यांची ६.८ लिटरची अवजड लाल मर्सिडीज सेदान स्पा इथल्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरी आली आणि नाव झालं. पुढे मर्सिडीजने ती कंपनीच आपल्यात घेतली. बीएमडब्ल्यूवर काम करणारी अल्पिना १९६५ची, मर्सिडीजवाली ब्राबुस १९७७ची. रूफची गोष्ट आणखी वेगळी. १९८१ साली जर्मन सरकारने रूफला स्वतंत्र निर्माता म्हणून मान्यता दिली, त्यामुळे कोऱ्या बॉडीवर बांधलेल्या रूफला पोर्शेचा नव्हे, रूफचाच चॅसी नंबर असतो. १९८७ची पिवळी सीटीआर त्यांचीच. हा फरक गाडी विकत घेताना लाखांचा पडतो: रूफने बांधलेली गाडी वेगळी आणि रूफचे भाग बसवलेली पोर्शे वेगळी.

तिसरी जात म्हणजे कारखान्याचीच मर्यादित आवृत्ती. हिच्याबद्दल माझं मत ठाम आहे. तिला हात लावू नका, अगदी चाकंसुद्धा बदलू नका. तिची सगळी किंमत मूळ अवस्थेत असते.

पाना उचलण्याआधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर निर्मात्याने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी गाडी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. ज्या बदलांना मुभा आहे त्यांचीही नोंद १४ दिवसांत आरटीओकडे करायची असते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

मग उरतं काय? बरंच उरतं. त्याच मापाचे चांगले टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, त्याच आकाराचा जास्त क्षमतेचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग), पारदर्शक पीपीएफ (रंगावर चढवायची संरक्षक फिल्म), अलाइनमेंट. आणि कंपनीच्या स्वतःच्या कॅटलॉगमधलं सगळं. इंजिन बदलणं, बॉडी रुंद करणं, उत्सर्जन यंत्रणा काढणं यांच्या वाटेला जाऊ नका. मधल्या गोष्टींसाठी एमपी-०९च्या, म्हणजे इंदूरच्या, आरटीओत काम करण्याआधी लेखी विचारा. तोंडी होकाराला रस्त्यावर अडवल्यावर काही किंमत नसते.

यानंतर विमा. जे बसवणार त्याची यादी, बिलं आणि फोटो विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. प्रीमियम थोडा वाढतो. पण न कळवलेला बदल सर्व्हेयरने पाहिला, तर दोन कोटींच्या गाडीचा दावा अडकू शकतो. वॉरंटीचंही तसंच. डीलरचा संगणक सॉफ्टवेअर ताडून पाहतो. फोक्सवागेन समूहाच्या गाड्यांवर बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की 'टीडी१' अशी खूण लागते आणि ती पुढच्या मालकाच्या वेळीही गाडीच्या नोंदीत राहते. मूळ फाइल परत टाकली तरी फ्लॅश किती वेळा झाला याचा आकडा आत राहतो. म्हणून वॉरंटी चालू असेपर्यंत रिमॅप नको, असं मी सांगतो.

गाडी निरोगी आहे का

ट्यूनिंगने आजार बरा होत नाही, उघडा पडतो. सर्व्हिस वेळेवर झालेली हवी, स्पार्क प्लग नवे हवेत, बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, नळ्यांत गळती नको. ती धुराच्या मशीनने अर्ध्या तासात सापडते. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून कागदावर लिहून ठेवा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक मागे असेल, तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी कारण शोधा.

टायर आणि ब्रेक: पहिला पैसा इथे

सिमरोलच्या बाजूने भेरू घाट उतरताना ज्याचं ब्रेक पेडल एकदा मऊ झालं आहे, त्याला हा क्रम समजवावा लागत नाही.

टायरच्या भिंतीवर तीन गोष्टी वाचा. एक, भारांक: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. दुसरी, वेगाचं अक्षर: 'डब्ल्यू' म्हणजे २७० किलोमीटर, 'वाय' म्हणजे ३००. तिसरी, बनल्याचा आठवडा आणि वर्ष: शेवटचे चार आकडे '१८२४' असतील तर २०२४ सालचा अठरावा आठवडा. गाडी क्वचितच बाहेर निघत असेल तर नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. इथल्या उन्हात पाच वर्षांपुढचा टायर मी वेगासाठी वापरणार नाही. शिवाय कंपनीची मान्यताखूण पाहा: पोर्शेसाठी 'एन' आणि पुढे आकडा, मर्सिडीजसाठी 'एमओ', बीएमडब्ल्यूसाठी चांदणी. बाहेरून सारखाच दिसणारा टायर आतल्या रचनेत वेगळा असू शकतो. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या-मागच्या घेरातला ठरलेला मेळ बिघडला तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) तापते.

अलॉय मोठे करण्याचा मोह आवरा. इंच वाढला की टायरची भिंत बारीक होते आणि आपल्याकडच्या एका खड्ड्यात रिम चिरते. बदलायचेच असतील तर मूळ मापाचे फोर्ज्ड (दाबून घडवलेले) घ्या, वजन कमी होतं आणि फरक पहिल्याच वळणावर कळतो. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), बोल्टचं अंतर आणि मधल्या भोकाचा व्यास हे तिन्ही जुळले पाहिजेत. 'स्पेसर लावून जमवू' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

ब्रेकमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुधारणा म्हणजे ताजं ऑइल. डॉट-४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषलेल्या ऑइलसाठी मानकातला तोच आकडा १५५वर येतो. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पायाखालून निसटतं. चांगलं चालवणाऱ्याने दरवर्षी, पावसाळा संपला की ते बदलावं. नंतर पॅड. मोठे कॅलिपर बहुतेकांना लागतच नाहीत. कार्बन-सिरॅमिक डिस्क कारखान्यातून आली असेल तर उत्तम, बाहेरून बसवू नका. चाक काढता-घालता तिला टवका उडाला तर त्या एका डिस्कच्या किमतीत छोटी गाडी येईल.

उंची

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. कॉलनीतले तसे नसतात, हे सांगायला नको. त्यामुळे गाडी खाली बसवण्याचा विचार करणाऱ्याला मी आधी कारखान्याची फ्रंट-लिफ्ट (गाडीचं नाक वर उचलणारी यंत्रणा) घ्यायला सांगतो. नवीन गाडी बुक करतानाच ती टिक करा, नंतर बसवणं फार महाग पडतं. सस्पेन्शन बदललंच तर चारही चाकांवरचं वजन तोलून मग अलाइनमेंट करा आणि आधीचे-नंतरचे दोन्ही छापील कागद ठेवा.

उष्णता, पेट्रोल आणि मग रिमॅप

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ. त्यात १५ अंशांची हवा ४२ अंशांना गेली की आणखी नऊ टक्के विरळ होते. टर्बो ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी तो जास्त वेगाने फिरतो आणि हवा आणखी तापवतो. तापलेल्या हवेत पेट्रोलचा काही भाग, ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच, आपोआप पेट घेऊ पाहतो. त्यालाच नॉक म्हणतात. संगणक मग ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद उतरते. म्हणजे इथे उन्हाळ्यात मूळ गाडीसुद्धा ब्रोशरातली ताकद देत नाही. म्हणून पॉवरसाठी पहिला खर्च इंटरकूलरवर आणि रेडिएटरच्या सफाईवर करा. बंपरमागे अडकलेली पानं, माती आणि किडे काढले तरी गाडी दुपारच्या ट्रॅफिकमध्ये वेगळी वागते.

पेट्रोलचं म्हणाल तर ई२०चा ऑक्टेन (नॉक टाळण्याची क्षमता) ९५, पण त्यात इथेनॉल असल्याने जळायला हवेचं प्रमाण वेगळं लागतं: शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. मूळ फाइलमध्ये पंप आणि इंजेक्टरला थोडी जागा ठेवलेली असते. आक्रमक फाइल ती जागा खाऊन टाकते. आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या नेहमीच्या पंपावर नेहमी मिळत असेल, तरच त्याच्यासाठी फाइल बनवा. भोपाळहून परतताना देवासला नुसतं साधं मिळालं तर काय, हा प्रश्न ट्यूनरला आधी विचारा.

बाजारात 'स्टेज' हा शब्द फार चालतो. स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. स्टेज टूमध्ये डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) आणि इनटेक (हवा आत घेणारा भाग) येतात. स्टेज थ्रीमध्ये मोठा टर्बो. रस्त्यावरच्या गाडीसाठी स्टेज वनच्या पुढे जाण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. आणि स्टेज वनमध्येही गिअरबॉक्सची मर्यादा आधी पाहा. झेडएफच्या ८एचपी७० या नावातला ७० हा आकडा ७०० न्यूटन-मीटर टॉर्क सांगतो. फोक्सवागेनच्या डीक्यू२५० गिअरबॉक्सची मर्यादा ३५० आहे. इंजिन सहन करेल पण क्लच घसरेल, असं नेहमी होतं.

काम करायचा दिवस ठरला की असं करा. आधी मूळ अवस्थेतली गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तीनदा ओढा. कंपनी सांगते ती ताकद क्रँकवरची, म्हणजे थेट इंजिनाची, डायनोवर दिसते ती चाकांवरची. मधे साधारण पंधरा टक्के जातात, त्यामुळे कमी आकडा पाहून घाबरू नका. मग मूळ फाइल वाचून दोन पेनड्राइव्हवर घ्या, एक तुमच्या खिशात. नंतर नवी फाइल टाका आणि पुन्हा तीनदा ओढा, पण या वेळी नजर अश्वशक्तीवर नको, लॉगवर (सेन्सरांच्या नोंदींवर) हवी. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट जुळतात का? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.८० ते ०.८८च्या दरम्यान आहे का? संगणक इंधनाच्या प्रमाणात करतो ती दुरुस्ती दहा टक्क्यांच्या आत आहे का? एखाद्या सिलिंडरची ठिणगी तीन-चार अंशांहून जास्त, पुन्हा पुन्हा मागे येतेय का? तिसऱ्या ओढीत आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती चढलं? ट्यूनर लॉग द्यायला तयार नसेल तर तिथून निघा. आणि हे काम एप्रिल-मेमध्ये, दुपारी करून घ्या. जानेवारीच्या सकाळी गोड वागणारी फाइल उन्हाळ्यात खरी कळते.

एक्झॉस्ट

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागचा भाग हलका करता येतो, आवाज कायद्यात राहिला तर. कन्व्हर्टर काढून टाकणं बेकायदा आहे आणि पीयूसीतही गाडी अडकू शकते. आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सही निलंबित होऊ शकतं. रात्री अकराला लोकमान्य नगरसारख्या वस्तीतून फटाके फोडत गाडी नेणाऱ्याबद्दल मला अजिबात आपुलकी नाही. तिथे म्हातारी माणसं झोपलेली असतात.

रंग आणि कार्बन

आरसीवर रंगाची नोंद असते, तेव्हा वेगळ्या रंगाचा रॅप (चिकटवायची रंगीत फिल्म) लावण्याआधी आरटीओला विचारा. पारदर्शक पीपीएफ मात्र जरूर लावा. काचांमधून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे. मोठा विंग लावणाऱ्यांसाठी एक आकडा: पोर्शेची ९९२ पिढीतली ९११ जीटी३ आरएस २८५च्या वेगाला हवेने रस्त्यावर ८६० किलो दाब निर्माण करते, पण तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबाचा तोल कारखान्याने बसवलेला आहे. नुसता मागे विंग चढवला की पुढची चाकं हलकी पडतात.

स्पेशल एडिशन घेताना

इथे दोन प्रकार वेगळे करा, कारण जाहिरातीत दोन्ही सारखेच चमकतात. एक सजावटीची आवृत्ती: रंग, शिलाई, नंबरची पट्टी. २०२५मध्ये मर्सिडीजने खास भारतासाठी एएमजी जी ६३ची ३० गाड्यांची कलेक्टर्स एडिशन काढली, ती या प्रकारातली. हौस म्हणून घ्या, छान आहे. दुसरी यंत्राची आवृत्ती. एएमजी जीटी ब्लॅक सिरीजमध्ये क्रँकशाफ्टच वेगळा, ताकद ७३० अश्वशक्ती. २०२२ची बीएमडब्ल्यू एम४ सीएसएल एम४ कॉम्पिटिशनपेक्षा १०० किलो हलकी, मागच्या सीटा काढलेली, जगात फक्त १,०००. २०१६ची पोर्शे ९११ आर ९९१ गाड्यांची. २०२३ची ९११ एस/टी १,९६३ गाड्यांची, कारण ९११ जगापुढे आली ते साल १९६३. जीटी३ आरएसचं ५२५ अश्वशक्तीचं इंजिन आणि हाताने टाकायचा गिअर, असा मेळ. माझे पैसे असते तर मी डोळे मिटून दुसऱ्या प्रकाराकडे गेलो असतो. सजावट तुम्हीही करून घेऊ शकता, क्रँकशाफ्ट नाही.

एक मधला मार्गही आहे. मांटाय ही जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकजवळची रेसिंग कंपनी, तिच्यात पोर्शेचा मोठा वाटा आहे. तिचे सस्पेन्शनचे आणि हवेने गाडी रस्त्याला दाबून धरणारे किट पोर्शेच्या अधिकृत डीलरकडून बसतात. मांटाय किट लावलेल्या जीटी२ आरएसने २०२१मध्ये न्यूर्बुर्गरिंगची २०.८ किलोमीटरची फेरी ६ मिनिटं ४३.३ सेकंदांत मारली. इंजिनाची ताकद तशीच ठेवून. मी क्रमाबद्दल जे म्हणतोय ते या आकड्यात आहे.

जुनी स्पेशल एडिशन तपासताना डॅशबोर्डवरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, पट्टी कुठेही बनते. चॅसी नंबरवरून कंपनीकडून मूळ बिल्ड-शीट मागवा आणि एकेक पर्याय गाडीशी ताडून पाहा. रंगाची जाडी मोजा: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, २००च्या पुढे गेला की तो भाग पुन्हा रंगवलेला समजा. पोर्शे असेल तर डीलरकडून ओव्हर-रेव्हचा अहवाल काढा. त्यातल्या वरच्या पायऱ्यांवर नोंदी असतील तर कोणीतरी चुकीचा गिअर टाकून इंजिन मर्यादेपलीकडे फिरवलंय. आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. कार्नेटवर आलेली गाडी तात्पुरती आलेली असते, ती इथे विकताच येत नाही. मुंबई किंवा दिल्ली पासिंगची असेल तर तिकडची एनओसी, कर्ज फिटल्याचा दाखला आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स हे हिशेबात धरा. बारा महिन्यांत इथला नंबर घ्यावाच लागतो. बदललेली गाडी घेत असाल तर एकच प्रश्न: मूळ भाग कुठे आहेत? ते सोबत मिळत नसतील तर त्यांची नवी किंमत भावातून वजा करा.

वेग कुठे काढायचा

इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता त्यासाठी नाही. तिथे रात्री कामावरून परतणारे सायकलवाले असतात. आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे: ११.३ किलोमीटरचा, १६ मीटर रुंद, चार लेनचा अंडाकृती ट्रॅक, जून २०२१मध्ये सुरू झालेला, वळणांवर ३७५ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी आखलेला. ती वाहन चाचणीची जागा आहे, मनात आलं आणि गाडी घेऊन गेलो असं तिथे होत नाही. आयोजित कार्यक्रमातूनच जा. वळणं शिकायची असतील तर कोइंबतूरची कारी, चेन्नईजवळचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. गाडी बंद ट्रेलरवर पाठवा, प्रवासाचा विमा वेगळा काढा आणि ट्रॅकवरचं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरलेलं नसतं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

मावसभावाच्या गाडीत आता इंटरकूलर जास्त क्षमतेचा आहे, पॅड वेगळे आहेत, फाइल कंपनीची आहे. राजेंद्र नगरला मावशीच्या माळ्यावर चार खोकी आहेत. प्रत्येकावर मार्करने लिहिलंय: काय काढलं, किती किलोमीटरला, कोणत्या तारखेला, कोणी. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, त्याच भागाला टेपने चिकटवलेले. एअरबॉक्स त्याला नवा घ्यावा लागला.